उबवणीचे ढीग रचणारे पक्षी आणि त्यांचे पालन

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही पक्ष्यांचे नाव काढताच ते क्षणभर थबकले. कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेला माणूस पक्ष्यांवर काय बोलणार, असे त्यांच्या मनात आले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतर. त्याच बाकावर एके दिवशी एका पक्ष्याची हकीकत वाचनात आली, आणि आपण ज्याला काम म्हणतो ते काम करणारा प्राणी माणसाखेरीज आणखी कोणी असेल तर तो हाच, असे आम्हांला वाटून गेले. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. तो अंडी उबवण्याची भट्टी बांधतो आणि महिनोन् महिने तिच्यावर पाळी करतो.

अंडी उबवणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कोणी शिकवावे लागत नव्हते. घरची कोंबडी खुडूक झाली की आमची आई डालग्यात भुसा पसरून तिला अंड्यांवर बसवी. एकवीस दिवस ती कोंबडी जागची हलत नसे. दाणापाण्यापुरती उठे, पुन्हा बसे, चोचीने अंडी खालीवर फिरवी. अंड्यांना लागणारी ऊब तिच्या अंगातली. बहुतेक सर्व पक्ष्यांचा संसार असाच चालतो.

पण उबेला अंगच पाहिजे असे थोडेच आहे? थंडीच्या दिवसांत सकाळी उकिरडा उपसला तर आतून वाफा निघतात, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आंब्याच्या अढीत हात घातला तर तो कोमट लागतो. ओला पालापाचोळा कुजतो तेव्हा त्यावर जगणारे सूक्ष्म जंतू आणि बुरशी उष्णता निर्माण करतात. ढीग लहान असेल तर ही उष्णता वाऱ्यावर जाते. ढीग मोठा आणि ओला असेल तर ती पोटात साठून राहते. ही गोष्ट आम्ही खत करण्यासाठी वापरली. या पक्ष्यांनी ती पिल्ले काढण्यासाठी वापरली, आणि तीही आमच्यापूर्वी लक्षावधी वर्षे.

या कुळाला शास्त्रीय भाषेत मेगापोड म्हणतात. मोठ्या पायांचे, एवढाच त्याचा अर्थ. कोंबडीच्या जातभाईंपैकीच हे पक्षी. सुमारे वीस-बावीस जाती. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे, फिलिपाइन्स, पॅसिफिकमधील काही बेटे, आणि (हे आमच्या श्रोत्यांनी लक्षात ठेवावे) आपली निकोबार बेटे, इतक्याच मुलखात ते राहतात. मॅगेलनच्या जलप्रवासाबरोबर गेलेल्या पिगाफेटा नावाच्या इटालियन गृहस्थाने १५२१ साली फिलिपाइन्समध्ये असा पक्षी पाहिला. कोंबडीएवढा पक्षी हंसाएवढी मोठी अंडी वाळूत पुरतो आणि ती उन्हाच्या उष्णतेने उबतात, असे त्याने लिहून ठेवले. युरोपात अशा गोष्टी पुष्कळ काळ गप्पा म्हणूनच खपल्या.

सर्वच जाती ढीग रचत नाहीत. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचा मालेओ उन्हाने तापलेल्या समुद्रकाठच्या वाळूत, किंवा भूगर्भातील उष्णतेने गरम झालेल्या जमिनीत खड्डा करून अंडे पुरतो आणि निघून जातो. आयत्या चुलीवर भाकरी भाजण्याचा हा प्रकार झाला. आमचे मन रमले ते चूल स्वतः घालणाऱ्यांत. त्यांपैकी दोघांची माहिती माणसाला फार चांगली झाली आहे, आणि पिंजऱ्यातील पालनाचा अनुभवही याच दोघांचा पुष्कळ आहे. एक ब्रश-टर्की, दुसरा मॅलीफाउल. दोघेही ऑस्ट्रेलियाचे.

ब्रश-टर्की हा पूर्व किनाऱ्याजवळच्या दाट रानातला काळा पक्षी. डोके उघडे, लालभडक. नराच्या गळ्यात पिवळी झोळी. शेपटी उभ्या पंख्यासारखी चपटी. आता तो ब्रिस्बेनसारख्या शहरांतल्या बागांतही शिरला आहे. तिथे एखाद्या गृहस्थाने हौसेने केलेली बाग एका दिवसात उकरून तिचा पाचोळा कोपऱ्यात जमा करणे, हा त्याचा नित्याचा उद्योग. नर एकटाच काम करतो. पाठमोरा उभा राहून तो पायांनी पाला मागे फेकत येतो, आणि काही आठवड्यांत पुरुषभर रुंदीच्या दुपटीहून मोठा आणि छातीएवढा उंच ढीग उभा करतो. त्याचे वजन टनांत मोजावे लागते. पाऊस पडला की पाला भिजतो, कुजू लागतो, ढीग तापतो. सुरुवातीला तो फार तापतो. नर रोज उकरून त्याची उलथापालथ करतो, आणि उष्णता तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास स्थिरावली की मगच माद्यांना जवळ येऊ देतो. माद्या येतात, खड्डा करून अंडे घालतात, निघून जातात. एका ढिगात अनेक माद्यांची अंडी, आणि एका मादीची अंडी अनेक ढिगांत. ते अंडे साधारण सात आठवड्यांनी फुटते.

मॅलीफाउलचे काम याहून कठीण, कारण त्याचा मुलूख कोरडा. मॅली म्हणजे एकाच बुडख्यातून अनेक खोडे फुटणारी निलगिरीची खुरटी झाडी. पाऊस बेताचा, दिवस कडक, रात्री थंड. तिथे पाला कुजवायचा तर तो आधी जमिनीत गाडला पाहिजे. म्हणून हा पक्षी शरद ऋतूत मोठा खड्डा खणतो, हिवाळ्यात भोवतालचा सगळा पाचोळा ओढून त्यात भरतो, पावसाने तो भिजला की वरून वाळूचे जाड पांघरूण घालतो. वसंतात आतला पाला तापतो. तेव्हा नर पहाटे ढीग उघडून फाजील ऊब बाहेर सोडतो. उन्हाळ्यात आतून पाला आणि वरून सूर्य, असा दुहेरी ताप होतो. मग तो वाळूचा थर वाढवतो, आणि सकाळच्या थंड हवेत ती वाळू पसरून, गार करून, पुन्हा भरतो. उन्हाळा सरत आला की पाल्यातली शक्ती संपते. आता तो उलटे करतो. भर दुपारी ढीग उघडून वाळू उन्हात पसरतो, ती तापली की संध्याकाळच्या आत अंड्यांवर ओढून घेतो. वर्षातील जवळजवळ अकरा महिने या पक्ष्याला ढिगापासून सुटका नाही.

त्याला उष्णता कळते कशी? तो वाळूत चोच खुपसतो, तोंडभर वाळू घेतो आणि टाकतो. तोंडातल्या आणि जिभेवरल्या जाणिवेने त्याला अंशाचा फरक समजत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ हॅरल्ड फ्रिथ यांनी १९५० च्या दशकात न्यू साउथ वेल्समधील ग्रिफिथजवळ वर्षानुवर्षे हे ढीग मोजले. त्यांनी एक गंमत केली. ढिगात विजेच्या शेगड्या पुरल्या आणि दूरवरच्या जनित्राने त्या मनात येईल तेव्हा चालू-बंद केल्या. पक्ष्याने काम सोडले नाही. ऊब वाढली की तो उघडी, कमी झाली की झाकी. ऋतूला न शोभणारे हे काम करताना त्याची ओढाताण झाली, पण अंड्यांभोवतीची उष्णता त्याने बरीचशी ताळ्यावर ठेवली. फ्रिथ यांचे पुस्तक १९६२ साली निघाले.

ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा आम्हांला तरुणपणची एक गिरणी आठवली. विणकाम खात्यात हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर सूत तुटते. त्यासाठी ओला-सुका तापमापक भिंतीवर लावलेला असे आणि दिवसातून ठराविक वेळा त्याचा आकडा वहीत लिहावयाचा असे. तो आकडा कित्येक महिने तापमापकाकडे न पाहताच लिहिला जात होता. आम्ही ती वही मागितली म्हणून आमच्यावर आरोपपत्र आले, तो भाग वेगळा. पण मॅलीफाउल वही ठेवत नाही, तोंड घालून पाहतो, हे वाचून आम्ही त्या बाकावर मोठ्याने हसलो होतो.

आता पालनाकडे वळू. ब्रश-टर्कीला माणसाच्या आवारात ढीग रचताना आणि पिल्ले काढताना युरोपने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच पाहिले, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात. तेव्हापासूनच्या अनुभवाचे सार असे की, या पक्ष्याला दाणापाणी देणे सोपे आहे. तो धान्य, फळे, पालेभाजी, किडे सगळे खातो. अवघड आहे ते त्याला काम देणे. आवारात पाचोळाच नसेल तर नर ढीग रचणार कशाचा? म्हणून पालकाने गाडीगाडीने पाला, गवत, लाकडाचा चुरा आणून टाकावा लागतो, आणि तोही एकदा नव्हे, हंगामभर. कारण कुजून तो खाली बसतो. कोरड्या हवेत ढिगावर पाणी शिंपडावे लागते. पाला सुकला की जंतूंचे काम थांबते आणि ढीग गार पडतो. ढीग ठराविक आकाराहून लहान राहिला तर ऊब टिकतच नाही. म्हणजे जागाही मोठी पाहिजे. कोंबड्यांच्या खुराड्याएवढ्या जागेत ठेवलेला नर ढिगाचा नाद सोडत नाही. कोपऱ्यात चार मुठी पाला जमवून तोच तोच उकरत राहतो. त्यातून अंडे उबणे शक्य नाही.

दुसरी अडचण नराच्या स्वभावाची. रानात तो ढिगाचा मालक असतो. नको त्या वेळी आलेल्या मादीला चोच मारून हाकलतो, आणि ती झाडीत पळून जाते. जाळीच्या आत पळणार कुठे? मार खाऊन मादी जखमी होते, मरतेही. यावर उपाय म्हणजे प्रशस्त आवार, आडोशाला दाट झुडपे, बसायला उंच फांद्या, आणि एका नरामागे एकाहून अधिक माद्या, म्हणजे त्याचा राग एकीवरच निघत नाही. मॅलीफाउल जोडीने राहतो, त्याच्यात हा उपद्रव कमी. पण कोरड्या मुलखातला हा पक्षी ओलसर जागी ठेवून चालत नाही, आणि त्याला वाळूही पाहिजे.

अंडी मिळाल्यावर दोन वाटा आहेत. ती ढिगातच राहू द्यावी, नाहीतर काढून उबवणी यंत्रात ठेवावी. यंत्राची वाट धरणाऱ्याने कोंबडीचे सगळे ज्ञान दाराबाहेर ठेवावे. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस अंशांची ऊब लागते. तेवढी यांना दिली तर आतला जीव मरतो. यांना चौतीसच्या आसपास. कोंबडीचे अंडे फिरवावे लागते. हे फिरवायचे नाही. मादीने जसे उभे, जाड टोक वर करून ठेवले तसेच ते अखेरपर्यंत राहिले पाहिजे. ढिगातली हवा दमट आणि कोंदट असते. त्या हवेतून प्राणवायू घेता यावा म्हणून अंड्याचे कवच पातळ असते, आणि त्यामुळे हाताळताना ते सहज तडकते. अंडे कोंबडीच्या अंड्याच्या तिपटीहून मोठे. त्याच्या आतल्या मालाचा जवळजवळ निम्मा भाग पिवळा बलक असतो. कोंबडीच्या अंड्यात तो तिसरा हिस्सा असतो. एवढी शिदोरी कशासाठी, ते पुढे कळेल.

आणखी एक गोष्ट अलीकडे कळली. २००५ साली ऑस्ट्रेलियातील दोघा संशोधकांनी दाखवून दिले की, ब्रश-टर्कीची अंडी थोड्या कमी उबेवर ठेवली तर निघणाऱ्या पिल्लांत नर अधिक, आणि थोड्या जास्त उबेवर ठेवली तर माद्या अधिक. उष्णता लिंग ठरवते असे नव्हे. कमी उबेत माद्यांचे गर्भ अधिक दगावतात, जास्त उबेत नरांचे. म्हणजे यंत्राचा काटा दोन अंशांनी चुकला तर पिल्ले निघतात, पालक खूष होतो, आणि तीन वर्षांनी त्याच्या आवारात एकाच जातीची गर्दी झालेली दिसते.

पिल्लाचा जन्म हा या साऱ्या हकीकतीतला सर्वांत नवलाचा भाग. इतर पिल्ले चोचीवरल्या कठीण टोकाने कवच फोडतात. हे लाथा मारून फोडते. मग ते हातभर खोल मातीत पुरलेले असते. तिथे उताणे पडून ते पायांनी वरचा पाला खाली ओढते, तो पाठीखाली दाबते, आणि पायरीपायरीने वर सरकते. या चढाईला सुमारे दोन दिवस लागतात. या काळात ते पोटातल्या बलकावर जगते. शिदोरी ती हीच. बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर पुरती पिसे असतात. थोड्याच वेळात पळते, काही तासांत उडते. आई कोण हे त्याला ठाऊक नाही. बाप तिथेच ढिगावर राबत असतो, पण त्याला पिल्लाची ओळख नाही. पिल्लू वाटेत आले तर पाल्याबरोबर तेही मागे फेकले जाते. म्हणून पालक ढिगाभोवती बारीक जाळी लावतात आणि पिल्लू वर येताच उचलतात.

ज्याला आई नाही, त्याला शिकवायचे कोणी? आमची कोंबडी दाणा चोचीत धरून पिल्लांना बोलावी. हे पिल्लू वाळवी, अळ्या, बारीक चिरलेला पाला स्वतःच शोधते. संशोधकांनी ब्रश-टर्कीच्या पिल्लांसमोर पिसे चढवलेली यंत्राची पिल्ले ठेवून पाहिली. दाणे टिपल्यासारखी मान हलवणाऱ्या यंत्राकडे खरी पिल्ले अधिक ओढली गेली, नुसत्या उभ्या यंत्राकडे कमी. म्हणजे भाईबंद ओळखण्याची खूणही जन्माबरोबरच येते. पालकाला याचा फायदा मोठा. हाताने वाढवलेले पिल्लू माणसाला आई समजेल, ही भीती इथे फारशी नाही. त्याला लपण्यास झुडपे पाहिजेत, आणि घाबरून उडताना डोके आपटू नये म्हणून जाळी मऊ पाहिजे, एवढे सांभाळले की ते वाढते.

तेव्हा कोणी म्हणेल, मग अडचण काय? ढीग ओळखला, यंत्र जमले, पिल्ले वाढू लागली. पिंजऱ्यात वाढवावी आणि रानात सोडावी. मॅलीफाउलबाबत ऑस्ट्रेलियाने हेच केले. गव्हाच्या शेतांसाठी मॅलीची झाडी तोडली गेली, उरलीत मेंढ्या शिरल्या, आणि शिकारीच्या हौसेसाठी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणलेला कोल्हा खंडाच्या बऱ्याच भागात पसरला. पक्षी ओसरू लागला. तेव्हा न्यू साउथ वेल्समधील डब्बो येथील प्राणिसंग्रहालयात अंडी उबवून पिल्ले वाढवली गेली, आणि डेव्हिड प्रिडेल व रॉबर्ट व्हीलर यांनी त्यांच्या पाठीवर लहान रेडिओ बांधून ती झाडीत सोडली. काही आठवड्यांत बहुतेक मेली. रेडिओच्या मागोमाग जाता जे सापडले ते कोल्ह्याने फाडलेले पंख होते. मॅलीफाउलचे संरक्षण म्हणजे स्तब्ध उभे राहून झाडीच्या रंगात मिसळून जाणे. घारीपुढे ते चालते; वासाने येणाऱ्या कोल्ह्यापुढे चालत नाही. पुढे त्यांनी विस्तीर्ण टापूत कोल्ह्यांविरुद्ध विषप्रयोगाची जोरदार मोहीम चालवून पक्षी सोडले, तेव्हा जगणाऱ्यांची संख्या वाढली. दोष पिंजऱ्यातल्या पालनात नव्हता, यंत्रातही नव्हता. बाहेरची जमीन तीच होती.

याउलट उदाहरण टोंगा देशाचे. तेथल्या निउआफोऊ बेटावरचा मलाऊ नावाचा मेगापोड एवढ्या एकाच बेटावर उरला होता, आणि लोक त्याची अंडी खात. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याची काही अंडी आणि पिल्ले माणसांची वस्ती नसलेल्या फोनुआलेई या ज्वालामुखीच्या बेटावर नेण्यात आली. अंडी तिथल्या उबदार मातीत पुरली. आई-बाप लागत नसल्यामुळे हे साधले; एखाद्या चिमणीचे अंडे असे नेऊन पुरता येणार नाही. फोनुआलेईवर आज मलाऊची चांगली वसाहत आहे. सुलावेसीच्या मालेओची पिल्ले न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातही निघाली आहेत. पण मालेओ उरला आहे तो मुख्यतः जेथे गावकऱ्यांनी अंडी उचलणे थांबवले त्या किनाऱ्यांवर.

निकोबारी मेगापोड समुद्रकाठच्या जंगलात माती, वाळू आणि पाला यांचा ढीग घालतो, आणि तोच ढीग वर्षानुवर्षे वाढवत जातो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरचे असंख्य ढीग धुऊन नेले. पक्ष्यांची संख्या एकदम घसरली. वाचलेल्या पक्ष्यांनी उरलेल्या जंगलात पुन्हा ढीग घातले. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे. तेव्हा हौस म्हणून तो पाळण्याचा प्रश्नच नाही. ग्रेट निकोबारच्या दक्षिणेस गॅलाथिया उपसागराच्या काठीही त्याचे ढीग आहेत. तेथील अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला, आणि मोठे बंदर बांधण्याची योजना पुढे आली. पक्ष्यांचे काय, असे विचारले की, त्यांची सोय दुसरीकडे करू, असे उत्तर मिळते. गिरणी बंद करताना कामगारांच्या बाबतीतही हेच वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्या वेळी आमचा पहिला प्रश्न असे : दुसरीकडे म्हणजे नेमके कुठे, आणि तिथे काम आहे का? मेगापोडसाठी हाच प्रश्न विचारायचा, तर त्याचे शब्दही बदलावे लागत नाहीत. त्या दुसऱ्या जागी ढीग तापेल इतका पाला आहे का? माती भुसभुशीत आहे का? त्या किनाऱ्यावर मांजरे आणि कुत्री किती आहेत?